ऑक्सिजनचा इथे संबंध कमीच

तोंडी परीक्षेला बसलेली विद्यार्थिनी असो की लोकल चुकून वैतागलेला नोकरदार, सल्ला ठरलेला: ‘एक मोठा श्वास घे.’ ऐकणारा छाती फुगवून भराभर चार-पाच श्वास ओढतो आणि कधीकधी आधीपेक्षा जास्तच गांगरतो. जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन आणि जास्त ऑक्सिजन म्हणजे शांत डोकं, हे आपलं गणितच चुकलेलं असतं.

निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण मुळातच 95 ते 100 टक्के असतं. कोरोनाकाळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरने हा आकडा सगळ्यांना पाठ करून दिला. जोरजोरात श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. घटतो तो कार्बन डायऑक्साइड. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. मग माणूस आणखी घाबरतो आणि श्वास आणखी वाढतो.

लोणावळ्यात 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन तपासला. त्याचं मोल जादा ऑक्सिजनात नाही, हे त्यांनी तेव्हाच मांडलं होतं. तरीही ती समजूत आजच्या योगवर्गांमध्ये ठणठणीत आहे!

खरी किल्ली उच्छ्वासात आहे. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस उच्छ्वासाच्या वेळी हृदयाला अधिक लगाम घालते. म्हणून श्वास सावकाश आणि सोडणं लांब, हे महत्त्वाचं. एरवी मिनिटाला 12 ते 20 श्वास चालतात. ते सहाच्या आसपास आले की हृदय आणि रक्तदाब यांची लय जुळते. इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने 2001 मध्ये दाखवलं, की लॅटिन जपमाळ म्हणताना आणि ‘ओम मणिपद्मे हुम्’ जपताना श्वास आपोआप याच गतीला येतो. धर्म दोन, गती एक.

श्वासावर ताबा मिळवला तरच मन शांत होतं, हाही एक गैरसमज. मुंबईहून एक घाट चढला की लोणावळा, दुसरा चढला की इगतपुरी. आणि इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात शिकवलं जातं नेमकं उलट. तिथल्या आनापानात श्वास आहे तसा नुसता पाहायचा, बदलायचा नाही. दोन्ही वाटा खऱ्या, फक्त त्यांची सरमिसळ करू नये.

आता उत्साहाला थोडा आवर. स्टॅनफर्डच्या 2023 मधल्या अभ्यासात रोज पाच मिनिटं लांब उच्छ्वासाचा सराव करणाऱ्यांची मनःस्थिती ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली. चिंता मात्र दोन्हीकडे कमी झाली. त्याच वर्षीच्या एका ब्रिटिश चाचणीत मिनिटाला साडेपाच श्वास घेणारे आणि तुलनेसाठी बारा घेणारे यांच्यात फरकच दिसला नाही. तेव्हा अॅपवर सेकंद मोजत बसण्यात फार अर्थ नाही.

सिनेमात घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कागदी पिशवी लावतात, ते घरी करू नये: त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर ती पिशवी जिवावर बेतू शकते. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर श्वास मोजण्याआधी 108 क्रमांकाला फोन करावा.