घरच्या दिव्यांग माणसाच्या काळजीचा पैसा: त्यावर कर लागतो का?



आपल्यातले बरेच जण घरूनच धंदा सुरू करतात, कारण घरात कुणीतरी असं असतं ज्याला एकटं सोडता येत नाही. आईला अर्धांगवायू झालेला, मुलगा ऑटिझम असलेला, भाऊ व्हीलचेअरवर. मग काळजीसाठी नातेवाईक पैसे पाठवतात, आपणही खर्च करतो, आणि हे सगळं दुकानाच्या हिशोबात मिसळून जातं. गडबड तिथूनच सुरू होते. म्हणून आज तीन गोष्टी समजून घेऊ. आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत.

1. नातेवाइकांनी पाठवलेले पैसे

समजा तुम्ही आईला सांभाळता आणि सख्खा भाऊ दरमहा 10,000 रुपये पाठवतो. हे तुमचं करपात्र उत्पन्न नाही. जवळच्या नातेवाइकाने प्रेमाने दिलेल्या रकमेवर आयकर लागत नाही, मग रक्कम कितीही असो.

पण "नातेवाईक" कोण, हे कायदा ठरवतो. नवरा-बायको, तुमचे आणि जोडीदाराचे सख्खे भाऊबहीण, आईवडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, काका, मामा, आत्या, मावशी आणि या सगळ्यांचे जोडीदार. चुलतभाऊ, मावसभाऊ, पुतण्या, भाचा या यादीत नाहीत! आपल्यासाठी ते घरचेच असतात, पण अशा लोकांकडून वर्षभरात मिळून 50,000 च्या वर रक्कम आली, तर वरची नाही, सगळीच रक्कम उत्पन्नात धरतात. कर शून्य आला तरी ती रिटर्नमध्ये दाखवायची.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. हे पैसे दुकानाच्या क्यूआरवर कधीच घेऊ नका. 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. भावाचे वर्षाचे 1,20,000 दुकानाच्या खात्यात आले, की ती विक्री नाही हे सिद्ध करत बसायचं काम तुमच्यावर येतं. वेगळं बचत खातं ठेवा आणि पाठवणाऱ्याला "आईच्या औषधांसाठी" असा शेरा लिहायला सांगा.

2. तुम्ही केलेला खर्च

आयकर कायद्याच्या कलम 80डीडी मध्ये तुमच्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊ किंवा बहिणीसाठी वजावट मिळते. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 75,000, आणि 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. उपचारावर नेमका किती खर्च झाला यावर हा आकडा ठरत नाही. प्रमाणपत्र मात्र लागतंच.

आता मुद्द्याचं. ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. म्हणून घाईने जुनी प्रणाली निवडू नका, आधी गणित करा.

समजा दुकानाचा नफा 8,00,000 आहे आणि दुसरं उत्पन्न नाही. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे कर शून्य. जुन्या प्रणालीत 80डीडी चे पूर्ण 1,25,000 वजा केले तरी उरतात 6,75,000. त्यावर कर 47,500, अधिक 4 टक्के सेस, एकूण 49,400 रुपये! सवलत मिळवायला गेलो आणि जवळजवळ पन्नास हजार भरून आलो.

शिवाय धंदेवाल्यांना दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत. जुन्या प्रणालीत जाऊन एकदा परत नव्या प्रणालीत आलात, की धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनी निवडता येत नाही.

आईला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार दुकानाच्या खर्चात टाकायचा मोहही टाळा. तो घरखर्च आहे, धंद्याचा नाही.

3. राज्याचा व्यवसाय कर

महाराष्ट्रात धंदा करणाऱ्याला वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर असतो. या कायद्याच्या कलम 27अ मध्ये दिव्यांग व्यक्तीला, तसंच दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना किंवा पालकांना यातून सूट आहे. भावासाठी खर्च करता एवढ्यावर ती मिळत नाही, तुम्ही पालक असायला हवं. रक्कम लहान वाटेल, पण दहा वर्षांचे 25,000 होतात. कित्येक आईवडील हे माहीत नसल्यामुळे भरतच राहतात.

मग आज काय करायचं?

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर आधी ते काढा, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. घराचं खातं वेगळं करा. आणि रिटर्न भरण्याआधी सीएकडून दोन्ही प्रणालींचे आकडे शेजारी शेजारी मांडून घ्या. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत, तेही त्यांना विचारून घ्या.

घरच्या माणसाला सांभाळत धंदा उभा करणं सोपं नाही. निदान हिशोबाचा ताप तरी डोक्याला नको. भेटू पुढच्या व्हिडिओत!