घरचा संगणक : डेस्कटॉपवर तिकोना

गेल्या आठवड्यात आपण विखुरलेल्या फाइली फोल्डरांमध्ये लावल्या. आता डेस्कटॉपवर पिवळ्या फोल्डरांची रांग दिसते आणि हवं ते सापडायला प्रत्येकाखालचं नाव वाचावं लागतं. लोणावळ्याचं चिक्कीचं दुकान असो की पवना धरणाकाठचं पाहुण्यांना भाड्याने दिलेलं घर, संगणक एक आणि वापरणारे चार असतील तर फोल्डरला दिलेल्या वेगळ्या चित्राचा, म्हणजे आयकॉनचा, फार उपयोग होतो.

कृती सोपी आहे. विंडोजमध्ये फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. कस्टमाइझ टॅबमध्ये खाली चेंज आयकॉन हे बटण आहे. तयार चित्रं तिथेच दिसतात. स्वतःचं लावायचं तर ब्राउझ. शॉर्टकटसाठी हेच बटण शॉर्टकट टॅबमध्ये असतं.

अवघड आहे ती चित्राची निवड. बहुतेक जण मोबाइलमधला फोटो घेतात. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरचा घरच्या सगळ्यांचा फोटो कितीही छान असला, तरी आयकॉनएवढा केला की त्याचा नुसता करडा डाग होतो. सर्वांत लहान आयकॉन १६ बाय १६ ठिपक्यांचा, म्हणजे सगळे मिळून २५६ ठिपके. त्यात चेहरे मावत नाहीत, मावते ती बाह्यरेषा. सुझन केअर यांनी १९८४च्या मॅकिंटॉशसाठी आयकॉन काढले ते आलेख कागदावर, ३२ बाय ३२ चौकटींत आणि फक्त काळ्या-पांढऱ्यात. त्यांचा कचऱ्याचा डबा चटकन ओळखू येतो, कारण त्यात अनावश्यक रेघच नाही.

बाह्यरेषांच्या बाबतीत मावळ श्रीमंत आहे. तिकोना किल्ला नावाप्रमाणेच त्रिकोणी, दोन रेघांत उभा राहतो. खंडाळ्याची नागफणी तिच्या पुढे आलेल्या टोकावरून कळते. लोहगडाचा विंचूकाटा मला फार आवडतो, पण ती लांब, अरुंद सोंड लहान चौकोनात हरवते. तो मोह टाळावा. माझ्या मते सर्वांत उत्तम आकार कार्ल्याच्या चैत्यगृहाची कमान. कार्ले, भाजे आणि बेडसे या तिन्ही लेण्यांच्या दर्शनी भागावर हीच पिंपळपानासारखी कमान छोटी करून ओळीने कोरली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी आकार लहान करताना बारकावे गाळले, रेषा ठेवली. आयकॉन काढणाऱ्याला शिकण्यासारखं सगळं तिथे दगडात आहे.

आधी मुलांच्या चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चौकटी आखून पेन्सिलीने आकार भरा. तिथे ओळखू आला तरच पुढे जा. मग गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये पारदर्शक पार्श्वभूमीवर तो काढा आणि एक्स्पोर्ट करताना आयसीओ हा प्रकार निवडा. १६, ३२, ४८ आणि २५६ ठिपक्यांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या लेयरवर ठेवल्या तर एकाच फाइलमध्ये चारही जातात आणि विंडोज जागेप्रमाणे योग्य ती उचलतं. जेपीजी फाइलचं नुसतं नाव बदलून आयसीओ होत नाही.

तयार फाइल संगणकातच एका कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज चित्र कुठे आहे एवढंच लक्षात ठेवतं. ते पेनड्राइव्हवर असेल तर पेनड्राइव्ह काढल्यावर दिसेलच याचा भरवसा नाही. आणि एक कळकळीची विनंती : फुकट आयकॉनच्या नावाखाली इन्स्टॉल करायला सांगणारी कोणतीही फाइल उघडू नका. आयकॉन हे केवळ चित्र आहे, त्याला इन्स्टॉल करावं लागत नाही.

सुरुवात रोज सर्वांत जास्त उघडता त्या एकाच फोल्डरपासून करा. पसंत पडलं नाही, तर चेंज आयकॉनच्या खिडकीतलं रिस्टोअर डिफॉल्ट्स दाबून ओके करा, पिवळं फोल्डर परत येईल. पुढच्या आठवड्यात याच फोल्डरांची दुसरी प्रत सुरक्षित कशी ठेवायची, ते पाहू.