एकाकीपणावर बोलण्याचा उपचार

खेड्यांत माणूस एकाकी पडतो, हें विधान शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना प्रथमदर्शनीं अतिशयोक्तीचें वाटण्याचा संभव आहे. खेडें म्हटलें कीं पार, चावडी, देऊळ, ओटे आणि एकमेकांच्या चुलीपर्यंतची खबर ठेवणारे शेजारी असें चित्र डोळ्यांसमोर उभें राहतें. मग तेथें एकाकीपणाला जागा कोठून यावी? परंतु सर्वांना सर्व ठाऊक असणें आणि एखाद्याजवळ मन मोकळें करतां येणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत; किंबहुना पहिली पुष्कळदां दुसरीच्या आड येते. ज्याच्या कर्जाचा आंकडा गांवाच्या तोंडीं आहे, तो पारावर जाऊन बसण्याचें हळूहळू टाळूं लागतो.

जळगांव आणि धुळें या खानदेशच्या दोन जिल्ह्यांत शेतीच्या कामाचें रूप गेल्या दोन पिढ्यांत पार पालटलें. मोट होती तेव्हां ती हांकणारा एक आणि दारें धरणारा एक, अशीं दोन माणसें तरी विहिरीवर लागत. सावड करून शेजारी एकमेकांच्या शेतांत राबत. आतां वीजपंपाची कळ एकट्याला दाबतां येते. आणि शेतीची वीज पुष्कळदां रात्रीं मिळत असल्यामुळें पाणी देण्यासाठीं शेतकऱ्याला अपरात्रीं एकट्यानेंच मळ्यांत जावें लागतें. रावेर-यावलकडील केळीच्या बागांत ठिबक सिंचनानें पाणी वाचलें, मजुरी वाचली. त्याबरोबर दारें धरतां धरतां होणारें बोलणें मात्र आटलें. कापसाची वेंचणी करणाऱ्या बायकांचा घोळका अजून दिसतो, पण त्या घोळक्यांतील कित्येकींचे मुलगे भुसावळ-सुरत लोहमार्गानें सुरतेच्या कापडधंद्यांत गेलेले असतात. साक्री-शिंदखेड्याकडील कोरडवाहू गांवांतून दिवाळीनंतर तरुण जोडपीं बाहेरगांवीं कामाला जातात आणि घरीं म्हातारीं माणसें मागें राहतात.

स्त्रियांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना ऐन तारुण्यांत वैधव्य आलें. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि घरकामांत त्या जें गात, तें पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नानें कागदावर उतरलें आणि १९५२ सालीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आलें. बहिणाबाईंची प्रतिभा एखादीलाच लाभते. परंतु जात्यावर बसून आपलें सुखदुःख बोलून दाखविण्याची सोय घरोघरीं होती. पिठाच्या गिरणीनें ती काढून घेतली. (गिरणी नको होती, असा याचा अर्थ नव्हे; पहाटे उठून पायली-पायली दळणाऱ्या हातांना विचारल्यास उत्तर निराळेंच मिळेल.)

एकटें असणें आणि एकाकी वाटणें यांत शास्त्रज्ञ भेद करतात. माणसाला जसा आणि जितका सहवास हवा असतो, आणि जो प्रत्यक्षांत मिळतो, त्या दोहोंमधील तफावत जेव्हां टोंचूं लागते, तेव्हां त्या टोंचणीला एकाकीपणा म्हणावयाचें. म्हणूनच बारा माणसांच्या घरांतहि एखादी सून एकाकी असूं शकते. मराठींत 'करमत नाहीं' या दोन शब्दांत हें सर्व येतें, आणि अहिराणींत 'माले करमत नही' असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याला अधिक व्याख्या लागत नाहीं. तथापि दवाखान्यांत हे शब्द क्वचितच उच्चारले जातात. तेथें झोंप नाहीं, छाती धडधडते, डोकें जड, अन्न गोड लागत नाहीं, अशाच तक्रारी सांगितल्या जातात. शक्तीची सुई टोंचून घेऊन रोगी घरीं परततो, आणि मूळ दुखणें त्याच्याबरोबर घरीं येतें.

हें दुखणें क्षुल्लक नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील दर सहा माणसांपैकीं एक एकाकीपणानें ग्रासलेला आहे आणि त्यापायीं वर्षाला ८ लक्ष ७१ हजार मृत्यु घडतात असा अंदाज आहे. हृदयविकार, पक्षाघात, खिन्नता या सर्वांना एकाकीपणा वाट करून देतो.

उपचार करणारे मात्र थोडे. भारतांत लाख लोकसंख्येमागें एक पुरता मनोविकारतज्ज्ञहि पडत नाहीं, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. जळगांव व धुळें येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें आहेत. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून तेथवर जाणें म्हणजे एका दिवसाची मजुरी, एस.टी.चें भाडें आणि 'कोणत्या डॉक्टरकडे गेला होतास?' या प्रश्नाला द्यावयाचें उत्तर, एवढा खर्च असतो. शेवटचा खर्च सर्वांत जड. टेलिफोननें हे तिन्ही खर्च वांचतात. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं भारत सरकारनें 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. बंगळूरच्या 'निमहान्स' या राष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शनाखालीं ती चालते. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस मिळते आणि तींत मराठींतून बोलतां येतें. प्रथम शिकविलेला समुपदेशक बोलतो. जरूर पडल्यास तो तज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या रुग्णालयाची वाट दाखवितो.

नुसत्या बोलण्यानें काय होणार, अशी शंका येणें साहजिक आहे. येथें बोलणें म्हणजे धीर देणें किंवा उपदेश करणें नव्हे. 'सर्व ठीक होईल, देवावर भरंवसा ठेव' हें सांगणारीं माणसें गांवांत पुष्कळ असतात. समुपदेशक प्रथम ऐकतो आणि मग दिवसाचा हिशेब विचारतो. समजा, केळीची बाग वादळानें आडवी झालेला एखादा पन्नाशीचा शेतकरी आहे. तो बाजारला जात नाहीं, भजनाला जात नाहीं, भाच्याच्या लग्नालाहि गेला नाहीं. न गेल्यामुळें कोणी बोलावीत नाहीं. कोणी बोलावीत नाहीं म्हणून, आपण कोणालाच नको आहों, अशी त्याची खात्री पटत जाते. हें रहाट उलट फिरवावयाचें असतें. मन प्रसन्न झालें कीं बाहेर पडूं, असें म्हणून वाट पाहणाऱ्याला बाहेर पडण्याचा मुहूर्त सांपडत नाहीं. म्हणून आधीं पाऊल, मागाहून मन, असा क्रम धरावा लागतो. या आठवड्यांत एकदां शेजारच्या मळ्यांत जाऊन चहा घ्यावयाचा, एवढेंच काम ठरतें. पुढच्या आठवड्यांत काय झालें तें विचारलें जातें. 'तो आपणांस टाळतो' ही समजूत खरी कीं खोटी, हें अशा लहानशा प्रयोगानेंच तपासलें जातें. एकाकीपणावरील निरनिराळ्या उपायांची तुलना करणाऱ्या संशोधकांना २०११ सालीं असें आढळलें होतें कीं, केवळ भेटीगांठी वाढविण्यापेक्षां माणसांविषयींच्या अशा चुकीच्या समजुती दुरुस्त केल्यानें अधिक गुण येतो.

याच जातीचा उपचार गोव्यांत 'संगत' या संस्थेनें प्राथमिक आरोग्य केंद्रांतून करून पाहिला. डॉक्टर नसलेले, परंतु शिकवून तयार केलेले समुपदेशक सहा ते आठ बैठकी घेत. तीव्र खिन्नतेच्या ४९५ रोग्यांवर हा प्रयोग झाला. तीन महिन्यांनीं उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ जण खिन्नतेंतून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ३९. विदर्भांत अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत 'विश्राम' या कार्यक्रमानें मदत गांवापर्यंत नेली, तेव्हां खिन्नतेनें पीडलेल्यांपैकीं मदत घेणारांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४ वरून २७ वर गेलें. अर्थात् खेडुताला मदत नको असते हा समज खरा नाहीं; ती त्याच्यापर्यंत पोंचत नव्हती.

या बैठकी समोरासमोर होत्या. टेलिफोनवर तेंच साधतें काय? अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ३२५ रोग्यांच्या तुलनेंत टेलिफोनवरून उपचार घेणारे मध्येंच सोडून जाण्याचें प्रमाण कमी आढळलें आणि उपचाराअखेर गुण सारखाच होता. मात्र सहा महिन्यांनंतर समोरासमोर उपचार घेतलेल्यांची स्थिति थोडी अधिक चांगली राहिली. तेव्हां टेलिफोन ही अगदीं बरोबरीची वस्तु नव्हे. परंतु जेथें दुसरें कांहींच नाहीं तेथें ती फार मोठी वस्तु आहे.

अडचणी निराळ्याच आहेत. घरांत मोबाईल पुष्कळदां एकच, आणि तो मुलाच्या खिशांत. दोन खोल्यांच्या घरांत सासूविषयीं सासूदेखत कसें बोलावें? ज्या मळ्यांत पुरुष रात्रीं एकटा असतो, तेथें त्याला मोकळेपणें बोलतां येतें. स्त्रीला तशी जागा सहसा नसते. गांवांतील आशा कार्यकर्तीनें आठवड्यांतून एकदां अर्धा तास आपल्या घरची खोली आणि टेलिफोन दिला, तरी ही अडचण बरीच दूर होईल. शिवाय मदतीचा क्रमांक हा पहिला दरवाजा आहे; खरा उपचार म्हणजे तोच आवाज ठरल्या दिवशीं पुन्हां ऐकूं येणें. आणि कपाशीचा पडलेला भाव किंवा सावकाराचें व्याज बोलण्यानें कमी होत नाहीं, हें समुपदेशकानें स्वतः विसरतां कामा नये. जो जीव देण्याची भाषा बोलूं लागला आहे, त्याला एकटें न सोडतां त्याच्याजवळ बसून घरच्यांनींच १४४१६ लावावा किंवा त्याला रुग्णालयांत न्यावें. आठवड्याच्या बैठकीची वाट पाहूं नये.

सर्वांत दुर्लक्षित अडचण भाषेची आहे. धुळ्याकडील म्हातारीला पुस्तकी मराठी कळते, पण तींत तिला रडतां येत नाहीं. मन उघडावयाचें तें अहिराणींत, यावल-रावेरकडे लेवा बोलींत, शिरपूरच्या डोंगरांत पावरींत. टेक्सास प्रांतांत २०२० सालीं महामारीच्या काळांत २४० घरबंद माणसांवर, बहुतेक वृद्धांवर, एक प्रयोग झाला. १७ ते २३ वर्षांच्या तरुणांना थोडें शिक्षण देऊन त्यांच्याकडून चार आठवडे नियमानें टेलिफोन करविले, आणि त्या माणसांचा एकाकीपणा मोजण्याजोगा कमी झाला. जळगांव, धुळें, अमळनेर येथील महाविद्यालयांत घरीं अहिराणी बोलणारे विद्यार्थी शेंकड्यांनीं आहेत. वर्गांत ती बोलण्याची त्यांना लाज वाटते. तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं अशा वीस-पंचवीस जणांना शिकवून आठवड्यांतून दोन संध्याकाळीं टेलिफोनजवळ बसविण्यास एक खोली, एक नोंदवही आणि अडल्या वेळीं विचारावयास एक डॉक्टर, एवढी सामग्री पुरेल.