पत्रातून नाडी

१९८१ सालची गोष्ट. आईचं एरोग्राम आलं होतं. निळ्या कागदाच्या सगळ्या बाजू भरल्यावर, डिंकाच्या पट्टीला लागून, तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, "ह्यांच्या पायांना संध्याकाळी थोडी सूज येते. काळजी नसावी."

परदेशात बसून 'काळजी नसावी' वाचलं की पोटात कसा गोळा येतो, ते आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. घरी फोन नव्हता. शनिवारी मी ते पत्र घेऊन मंडळातल्या एका हृदयरोगतज्ज्ञ स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अहो, एवढ्यावरून काय सांगू? आईंना विचारा, बाबा रात्री किती उशा घेऊन झोपतात? जिना चढताना मध्ये थांबतात का? सूज बोटाने दाबली तर खळगा राहतो का?" असे आठ प्रश्न झाले. ते क्रमांक घालून लिहिले आणि सोमवारी पत्र टाकलं. मग वाट पाहणं आलं.

तेव्हा मला वाटलं होतं की सात समुद्रांपलीकडून पत्राने दुखणं विचारायची पाळी आपल्यासारख्यांवरच आली असावी. पुढे निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, आणि कळलं की अठराव्या शतकातल्या युरोपात ही अगदी रुळलेली पद्धत होती. चार पैसे बाळगून असलेली माणसं नामांकित डॉक्टरला पत्र लिहीत, फी पाठवीत आणि उत्तरात आलेलं पथ्यपाणी पाळीत. कित्येकांनी आपल्या डॉक्टरचं तोंडही पाहिलेलं नसे.

यातलं मोठं नाव म्हणजे एडिंबरोचे डॉ. विल्यम कलेन (१७१० ते १७९०). आपण अमेरिकेतल्या मंडळींनी हे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही, कारण अमेरिकेतलं पहिलं वैद्यकीय विद्यालय १७६५ मध्ये फिलाडेल्फियात काढणारे जॉन मॉर्गन आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. 'न्यूरोसिस' हा शब्दही कलेनसाहेबांनीच रूढ केलेला, १७६९ च्या एका ग्रंथात. पण मला भावलं ते त्यांचं दप्तर. आलेलं प्रत्येक पत्र ठेवायचं आणि गेलेल्या प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता. आधी कारकून हाताने नक्कल उतरवी. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटने १७८० मध्ये नकला काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि वर्षभरात ते यंत्र कलेन यांच्या घरी आलं. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओला पातळ कागद दाबायचा, की अक्षरं उलटी उमटतात. कागद पातळ असल्याने पाठीमागून ती सुलटी वाचायची. आज एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे ही पाच हजारांहून जास्त पत्रं आहेत आणि ती घरबसल्या संगणकावर वाचता येतात.

पत्रं लिहिणारे नाना तऱ्हेचे. कोणी स्वतःबद्दल लिहितो, कोणी बायकोबद्दल, कोणी वयात आलेल्या मुलाबद्दल. पुष्कळदा गावातला शल्यवैद्य किंवा पाद्री लिहितो. भूक, झोप, शौच, घाम, स्वप्नं, चिडचिड, काही वगळलेलं नसतं. आपल्या आज्या वैद्यापुढे बसून जसं साग्रसंगीत सांगायच्या, तसंच. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत टपालाचा आकार अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर असे, आणि साधारणपणे तो पत्र घेणाऱ्याने भरायचा. म्हणून माणसं एकाच कागदात शक्य तेवढं कोंबत. एरोग्रामच्या कडांवर लिहिणाऱ्या आपल्या आयांना ही विद्या कोणी शिकवायला नको होती!

आता कोणीही विचारील की न तपासता उपचार करायचे म्हणजे निव्वळ थोतांडच की! मलाही आधी तसंच वाटलं. पण त्या काळी समोर बसलेल्या रोग्याला तपासून तरी काय कळत होतं? नाडी बघायची, जीभ बघायची, लघवीचा रंग बघायचा, संपलं. छातीवर बोटांनी टकटक करून आतलं ओळखायची युक्ती व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने १७६१ मध्ये छापली होती, पण पुढची चाळीसेक वर्षं तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये, खिशात मावणारा थर्मामीटर त्यानंतर पन्नास वर्षांनी. निदान व्हायचं ते रोग्याच्या सांगण्यावरून, आणि सांगणं कागदावर उतरतं. घाईत बोलण्यापेक्षा रात्री निवांत बसून लिहिलेलं बरंच बरं, असंही म्हणता येईल.

फक्त काय सांगायचं ते रोग्याला कळायला हवं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉ. तिसो यांनी १७६१ साली खेड्यापाड्यातल्या लोकांसाठी आरोग्याचं एक पुस्तक लिहिलं. ते अनेक भाषांत गेलं. डॉक्टरला विचारताना कोणत्या प्रश्नांची उत्तरं तयार हवीत त्याची यादीच त्यात होती. वय किती? पूर्वी प्रकृती कशी होती? हे दुखणं कधी आणि कसं सुरू झालं? ताप आहे का? तहान लागते का, तोंडाला चव कशी? रोगी अंथरुणाला खिळला आहे की हिंडतो-फिरतो? आतापर्यंत काय औषध केलं? बायकांना आणि मुलांना वेगळे प्रश्न. खुद्द तिसोंकडे आलेली हजाराच्या वर पत्रं लोझानला आजही जपून ठेवली आहेत. ही यादी वाचली तेव्हा मला आमच्या स्नेह्यांचे आठ प्रश्न आठवले.

उत्तरात औषधापेक्षा पथ्य जास्त असे. चहा-कॉफी कमी करा, हलकं खा, फ्लॅनेल घाला, रोज घोड्यावर रपेट करा. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या आपल्याला यात काही परकं वाटू नये. त्याच्या जोडीला रेच, वांतीचं औषध, कातडीवर फोड आणणारी पलिस्तरं आणि रक्त काढणंही असे, आणि त्यांनी किती जणांचं भलं झालं याचा विचार न केलेला बरा. उत्तर पोचेपर्यंत दुखण्याने कूस बदललेली असायची, म्हणून डॉक्टर अंदाजाने लिहून ठेवीत: असं झालं तर हे करा, तसं झालं तर ते थांबवा.

एक रोगी मात्र जगप्रसिद्ध. इंग्रजी शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन. १७८३ च्या जूनमध्ये एका पहाटे अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची वाचा गेली. बुद्धी शाबूत आहे का हे तपासायला त्यांनी मनातल्या मनात लॅटिनमध्ये प्रार्थना रचली, आणि मग चिठ्ठी लिहून शेजाऱ्याकरवी डॉक्टर बोलावले. वाचा परत आली, पण पुढच्या हिवाळ्यात दमा आणि जलोदराने गाठलं. पाय सुजले, श्वास पुरेना. १७८४ च्या मार्चमध्ये त्यांचा चरित्रकार बॉसवेल स्कॉटलंडमध्ये होता. त्याने परस्पर कलेन आणि एडिंबरोच्या इतर नामवंत डॉक्टरांना पत्रं लिहून जॉन्सनची हकिगत कळवली, त्यांची उत्तरं मिळवली आणि लंडनला धाडली. दूर असलेल्या माणसाला जेवढं करता येतं तेवढं त्याने केलं. त्याच्याबद्दल लोक काही का म्हणेनात, मला तो इथे फार जवळचा वाटतो.

त्या उन्हाळ्यात जॉन्सन मित्राकडे ॲशबोर्नला जाऊन राहिले आणि तिथून लंडनच्या डॉ. ब्रॉकल्सबींना वरचेवर पत्रं लिहीत राहिले. श्वास कसा आहे, पाणी किती उतरलं, 'स्क्विल' किती घेतलं. स्क्विल म्हणजे एक रानकांदा, आपल्या कोकणातल्या कोळकांद्याचा चुलतभाऊ. त्याने लघवी सुटते आणि हृदयावरही थोडा परिणाम होतो, पण मात्रा साधणं महाकठीण. नोव्हेंबरमध्ये परतताना ते बर्मिंगहॅमला एका जुन्या मित्राकडे उतरले. त्याच गावात डॉ. विदरिंग गेली नऊ वर्षं फॉक्सग्लव्ह नावाच्या झाडाचा पाला जलोदराच्या रोग्यांना मोजून-मापून देत होते. मूळ नुस्खा श्रॉपशरमधल्या एका म्हातारीचा. आपले 'डिजॉक्सिन' या फॉक्सग्लव्हच्याच घराण्यातलं. जॉन्सन लंडनला पोचले आणि १३ डिसेंबर १७८४ ला गेले. विदरिंगचं पुस्तक निघालं १७८५ मध्ये.

पत्राने विचारायची ही रीत पुढे हळूहळू मागे पडली, आणि त्याला कारणही कागदच झाला. पॅरिसच्या डॉ. लेनेकना एका तरुण बाईच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदांची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला. तोच पहिला स्टेथोस्कोप. त्यानंतर रोगी काय म्हणतो यापेक्षा छाती काय म्हणते याला वजन आलं, आणि छाती काही पाकिटात घालून धाडता येत नाही. २०२० च्या साथीत आपण सगळे पुन्हा पडद्यावरच्या डॉक्टरला तोंडाने दुखणं सांगायला शिकलो, ती गोष्ट वेगळी.

आईचं उत्तर यायला पाच आठवडे लागले. तिने आमचे क्रमांक जसेच्या तसे घातले होते. उशा तीन, पूर्वी एक होती. जिन्यात दोनदा थांबतात, पण ते म्हणतात की खाली कोण आलंय ते बघायला थांबतो. सूज दाबली तर खळगा राहतो. आठवा प्रश्न होता, नाडी मिनिटाला किती? तिथे तिने लिहिलं होतं, "घड्याळ लावून मोजली. ९६. मध्ये मध्ये ठोका चुकतो, मग दोन पटकन येतात. चुकलेले धरले नाहीत."

आमच्या स्नेह्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तार करा. उद्याच्या उद्या गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन जा म्हणावं, आणि जाताना ही ओळ लिहून न्या."