काळ्या मोहऱ्यांचा 'भारतीय बचाव'

पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, तर काळ्याने काय करावे? या प्रश्नाच्या एका उत्तराला जग 'भारतीय बचाव' म्हणते. धार-देवासच्या वाड्यांत आमचे वडीलधारे ज्या देशी रीतीने बुद्धिबळ खेळत, तीत प्यादे एका वेळी एकच घर सरके. अशा रीतीत मुरलेला खेळाडू मध्यावर धावून जात नाही. आधी आपले घर बांधतो. कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी हे याच परंपरेतले. जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरांशी १८५०च्या दशकात झालेल्या त्यांच्या डावांवरून हे नाव रूढ झाले.

रचना सोपी आहे. राजाकडचा घोडा बाहेर काढावा, त्या बाजूचे घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवावे, मोकळ्या घरात उंट बसवावा, वजिरापुढचे प्यादे एक घर पुढे घ्यावे आणि किल्लेकोट करावा. मध्य पांढऱ्याला सोपवल्यासारखा दिसतो. परंतु योग्य क्षणी राजापुढचे प्यादे पुढे घालून त्यावर आघात करावयाचा असतो. तो राहून गेला, तर काळ्याची मोहरी कोंडतात. महेशचंद्रांनी तर १८५५ मध्ये तिसऱ्याच चालीस वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून मध्याला आव्हान दिले. १९२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने तीच चाल खेळली आणि त्या बचावाला ग्रुनफेल्डचे नाव मिळाले.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच, की चाली घोकण्याआधी प्रत्येक चालीचे प्रयोजन विचारावे. प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित चाल केली, की पाठांतर संपते. पुढचा डाव समजुतीवरच खेळावा लागतो.