मुक्काम पोस्ट हमाल भवन

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागाकडे वळलं की आधी गूळ, मिरची आणि ताग यांचा एकत्र वास येतो. मग कानावर येते ती "बाजू, बाजू" अशी हाळी. ती ऐकली की अंग चोरून उभं राहायचं. पाठीवर ओझं असलेल्या माणसाला थांबवायचं नसतं.

ट्रकच्या फाळक्याशी दोघं उभे असतात. आकडा रुतवून ते पोतं कडेला ओढतात आणि खाली पाठ वाकवून उभ्या असलेल्या तिसऱ्याच्या मानेखाली बरोबर मधोमध सोडतात. बोटभर इकडेतिकडे झालं, तर भार एका कमरेवर नाहीतर एका गुडघ्यावर जातो. तो माणूस लहान लहान, भराभर पावलं टाकत गाळ्यात शिरतो, थप्पीपाशी खांदा जरासा तिरका करतो आणि पोतं हवं तिथेच बसतं. नंतर हात लावून सरळ करावं लागत नाही. ही कारागिरी आहे, आणि तिला नुसती अंगमेहनत म्हणणं मला पटत नाही.

पण हा कारागीर कामाला कोणाकडे आहे? सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्याच ट्रकवर. व्यापारी म्हणणार, माझा नोकर नाही. ट्रकवाला म्हणणार, माझाही नाही. कारखान्यातल्या कामगाराचे कायदे त्याला लागू पडेनात, कारण त्याला मालकच सापडत नव्हता. पाठ मोडली तर जायचं कोणाच्या दारात?

बाजार नाना पेठ, भवानी पेठेत होता तेव्हा असे हमाल एका दाराशी जात. ते होतं डॉ. बाबा आढाव यांच्या दवाखान्याचं. बाबा आयुर्वेदाचे डॉक्टर. दुखऱ्या पाठीला औषध देता येत होतं; पण बरा झालेला माणूस पुन्हा त्याच पोत्याखाली जाणार, हे त्यांना दिसत होतं. त्यातून १९५५ च्या सुमारास पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली. मला त्या नावातला 'पंचायत' हा शब्द फार मोलाचा वाटतो. गावाकडून पोट भरायला आलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नव्हता. चार जणांनी एकत्र बसून न्याय करायचा, हे त्याला ठाऊकच होतं.

मुंबईत अण्णासाहेब पाटील माथाडींना संघटित करत होते. हमालांच्या अशा लढ्यांतून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती नीट समजून घेण्यासारखी आहे. कायद्याने हमालाला एकच मालक शोधून देण्याचा नाद सोडला आणि मध्ये एक मंडळ उभं केलं. व्यापाऱ्यानेही तिथे नोंद करायची, हमालानेही. मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी. दिवसात पाच गाळे फिरणाऱ्या माणसाच्या नावावर एक खातं निघालं. देशभर असंघटित मजुरांच्या सुरक्षेची चर्चा निघते तेव्हा आजही या कायद्याचं उदाहरण दिलं जातं, ते यासाठी.

ओझ्याचा प्रश्न मात्र कायद्याने लगेच सुटला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच सांगितलं होतं की प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझं उचलू नये. आपल्याकडे क्विंटलचं पोतं सर्रास पाठीवर चढत होतं. पोतं ५० किलोचं करा, ही मागणी हमालांना वर्षानुवर्षं लावून धरावी लागली.

पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालणारं हे उपाहारगृह. कष्ट करणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावं, एवढाच हेतू. सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर १९९५ साली, म्हणजे वीसेक वर्षांनी आली आणि काही वर्षांत बंदही झाली. ही चालू राहिली. अनुदानावर उभी नव्हती, हे त्याचं एक कारण असणार. दुसरं कारण मला भाकरीतच दिसतं. पीठ मळणारा हात परातीच्या कडेला थांबत नाही, गोळा तळव्याखाली फिरत फिरत पसरतो, तव्यावर पडताच वरून पाण्याचा हात फिरतो. पापुद्रा सुटलेली भाकर ताटात येते तेव्हा ती गरिबांसाठी म्हणून केलेली वाटत नाही. घरी करतात तशीच असते.

भुसार बाजार पेठांतून गुलटेकडीला आला, तशी पंचायतही आली. हमाल भवन इथेच आहे. हमालांच्या घरांची वस्ती झाली, तिचं नाव हमालनगर. ज्या शब्दाने हाक मारली की मान खाली जायची, तोच शब्द घराच्या पत्त्यात आला. बाबा आढाव डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. 'एक गाव एक पाणवठा', रिक्षा पंचायत, कागद वेचणाऱ्या बायांची संघटना, अशी त्यांची कितीतरी कामं. पण त्यांच्या कामाची पहिली वीट या बाजारात रचलेली आहे.

दुपारी ट्रक रिकामे झाले की टोळीतले लोक आकडे कमरेला खोचून, टॉवेलने मान पुसत जेवायला निघतात. मागच्या वेळी माझ्यासमोर बसलेल्या पन्नाशीच्या गड्याने आधी भाकर मोडली, झुणक्याला लावली, दोन घास खाल्ले आणि मगच बोलला. त्याचे वडील याच बाजारात होते. "त्यांच्या टायमाला पोतं शंभराचं," तो म्हणाला, आणि वाढप्याकडे हात करून आणखी एक भाकर मागितली.