आक्षेपासाठी राखून ठेवलेली मिनिटे

अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचे मोठे वार्षिक अधिवेशन विद्यापीठात भरत नाही, हॉटेलात भरते. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनचे तीन विभाग आहेत: ईस्टर्न, सेंट्रल आणि पॅसिफिक. तिघांची अधिवेशने वेगवेगळी होतात. ईस्टर्नचे कधी न्यूयॉर्कला, कधी बॉस्टनला, कधी फिलाडेल्फियाला किंवा बाल्टिमोरला. एकाच वेळी अनेक खोल्यांत सत्रे चालू असतात. एका खोलीत कांटचा नीतिविचार, शेजारच्या खोलीत काळाचे स्वरूप, पलीकडे धर्मकीर्तीचा ज्ञानविचार. कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन लोक मजले बदलत असतात, सरकत्या जिन्यावर जुनी ओळख निघते आणि ऐकायचे ठरवलेले सत्र तिथेच हुकते.

भव्य सभागृहातली भाषणे मी बाजूला ठेवतो. या संस्थेचा खरा कस लागतो तो तिसाव्या-चाळिसाव्या खुर्चीपाशी संपणाऱ्या लहान खोलीत. समोर कापड घातलेले लांब टेबल, त्यावर पाण्याचा जग आणि टेबलामागे तीन माणसे. एक निबंध वाचणारा, एक सत्राध्यक्ष आणि तिसरा टिप्पणीकार. हा तिसरा माणूस निबंधातल्या चुका दाखवण्यासाठी रीतसर बोलावलेला असतो. या लेखाचे निमित्त तोच आहे.

निबंध काही महिने आधी पाठवावा लागतो. मर्यादा ३००० शब्दांची. लेखकाचे नाव, विद्यापीठ, ‘माझ्या आधीच्या पुस्तकात मी म्हटल्याप्रमाणे’ अशी ओळख पटवणारी वाक्ये, सगळे काढून टाकायचे. निवड करणाऱ्यांपुढे फक्त युक्तिवाद जातो. निबंध स्वीकारला गेला की कार्यक्रम समिती त्याला टिप्पणीकार नेमते. बहुतेक वेळा तो लेखकाच्या ओळखीचाही नसतो. तो निबंध वाचतो, पुन्हा वाचतो, त्यातला सगळ्यांत अशक्त सांधा शोधतो आणि त्यावर आपले टिपण लिहितो. चांगला टिप्पणीकार हे टिपण अधिवेशनाच्या आधीच लेखकाकडे पाठवतो. म्हणजे खोलीत कुणावर अचानक हल्ला होत नाही. लेखकाला आक्षेप ठाऊक असतो आणि उत्तर शोधायला काही रात्री मिळालेल्या असतात. मग साधारण वीस मिनिटे निबंध, दहाएक मिनिटे टिप्पणी, लेखकाचे थोडक्यात उत्तर आणि उरलेला सगळा वेळ खोलीचा.

या उरलेल्या वेळाची शिस्त जवळून पाहण्यासारखी आहे. सुरुवातीलाच सगळ्यांच्या हाती एक कागद आलेला असतो. त्यावर निबंधातली मुख्य विधाने क्रमांक घालून छापलेली असतात: पहिले गृहीत, दुसरे गृहीत, त्यावरून निघणारा निष्कर्ष. प्रश्न विचारणारा म्हणतो, ‘‘तुमचे तिसरे विधान मला मान्य आहे, पण दुसऱ्यावरून ते निघत नाही.’’ ‘विचारप्रवर्तक मांडणी’ वगैरे प्रस्तावना सहसा नाही. नवा प्रश्न असेल तर पूर्ण हात वर करायचा. चालू प्रश्नालाच काही जोडायचे असेल तर फक्त एक बोट. सत्राध्यक्ष कागदावर दोन याद्या ठेवतो आणि बोटवाल्यांना आधी संधी देतो, म्हणजे एक धागा सुटण्याआधी पूर्ण ओढून पाहता येतो. हा नियम मुळात कुणी घातला ते कुणी विचारतही नाही, पण तत्त्वज्ञानाच्या खोल्यांत तो सर्रास पाळला जातो. यादी ठेवणारा अध्यक्ष दक्ष असेल तर पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी आणि नामवंत प्राध्यापक एकाच रांगेत उभे राहतात. तो दक्ष नसेल तर तेच चार बुलंद आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येतात. ही तक्रार तिथे जुनी आहे आणि ती खरी आहे.

संस्था स्थापन झाली १९०१ साली. पहिले अधिवेशन १९०२ च्या वसंतात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भरले आणि कॉर्नेलचे जेम्स एडविन क्रायटन पहिले अध्यक्ष झाले. सुरुवातीच्या काळात जॉन ड्यूई आणि विल्यम जेम्स लागोपाठ अध्यक्षपदी होते. १९१८ साली हे पद मेरी व्हिटन कॅल्किन्स यांच्याकडे आले. हार्वर्डमध्ये पीएच.डी.च्या सगळ्या अटी पूर्ण करूनही केवळ स्त्री म्हणून ज्यांना विद्यापीठाने पदवी नाकारली, त्याच या कॅल्किन्स. त्यांना अध्यक्ष करणाऱ्या संस्थेबद्दल मला आदर वाटतो. मात्र त्यानंतरही अनेक दशके या खोल्यांत स्त्रिया फार थोड्या होत्या, आणि आजही प्रमाण समसमान नाही.

डिसेंबर १९५० मध्ये ईस्टर्न विभाग टोरांटोला जमला होता. तिथे विलर्ड क्वाइन यांनी ‘टू डॉग्माज ऑफ एम्पिरिसिझम’ हा निबंध वाचला. ‘अविवाहित माणसाचे लग्न झालेले नसते’ हे वाक्य शब्दांच्या अर्थामुळेच खरे आहे आणि ‘नागपूरचा उन्हाळा कडक असतो’ हे जगाकडे पाहिल्यावर खरे ठरते, असा भेद तत्त्वज्ञ धरून चालले होते. क्वाइन म्हणाले, ही रेषा नीट आखताच येत नाही. आपली विधाने अनुभवासमोर एकेकटी जात नाहीत, सगळी मिळून जातात. पुढच्याच महिन्यात निबंध छापून आला आणि विसाव्या शतकातल्या सर्वाधिक चर्चित निबंधांत त्याची गणना झाली. ग्राइस आणि स्ट्रॉसन यांचे प्रसिद्ध उत्तर मात्र १९५६ साली आले. वाद असा वर्षानुवर्षे चालतो. अधिवेशनात त्याला फक्त तोंड फुटते.

टिप्पणीकाराच्या खुर्चीची ताकद आणि तिची जोखीम दोन्ही दिसली ती डिसेंबर १९९४ मध्ये, बॉस्टनच्या अधिवेशनात. प्रश्न नावांचा होता. ‘पु. ल. देशपांडे’ या नावाचा अर्थ ‘बटाट्याची चाळ लिहिणारा लेखक’ असा धरायचा का? समजा, उद्या सिद्ध झाले की ती चाळ दुसऱ्याच कुणी लिहिली होती. तरी ‘पु. ल.’ हे नाव त्या दुसऱ्या माणसाकडे जात नाही, ते पु. लं.कडेच राहते. म्हणजे नाव हे वर्णनाचे संक्षिप्त रूप नाही, ते थेट त्या व्यक्तीलाच चिकटलेले असते. या विचाराचे श्रेय सर्वसाधारणपणे सॉल क्रिप्की यांना आणि त्यांनी १९७० साली प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांना दिले जाते. क्विंटिन स्मिथ यांनी बॉस्टनला वाचलेल्या निबंधात दावा केला की यातल्या कळीच्या कल्पना रूथ बार्कन मार्कस यांच्या आहेत. त्यांनी त्या कितीतरी आधी मांडल्या होत्या आणि १९६२ साली मार्कस यांनी याच विषयावर निबंध वाचला तेव्हा तरुण क्रिप्की श्रोत्यांत होते. क्रिप्की यांनी जाणूनबुजून काही लपवले, असे स्मिथ यांचे म्हणणे नव्हते. तरीही श्रेयाचा प्रश्न उभा राहिला, आणि तो भर अधिवेशनात.

टिप्पणीकार होते स्कॉट सोम्स. त्यांनी स्मिथ यांचा दावा मुद्देसूद खोडून काढला. मार्कस यांचे योगदान मोठे आहे हे मान्य करून, क्रिप्की यांच्या सिद्धान्तात त्यापलीकडचे काय आहे ते त्यांनी दाखवले. पुढे दोन्ही निबंध ‘सिंथेस’ या नियतकालिकात आले, वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला आणि १९९८ साली त्यावर एक संपूर्ण ग्रंथ निघाला. कोण बरोबर, यावर अजूनही मतभेद आहेत. मला यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. एवढा जिव्हारी लागणारा आरोप ज्या बैठकीत झाला, त्याच बैठकीत, त्याच टेबलाशी, त्याचा सविस्तर प्रतिवाद झाला. ऐकणाऱ्याला एकच बाजू घेऊन घरी जाता आले नाही. आणि १९६२ च्या ज्या सभेवरून हे सगळे पेटले, तिथे मार्कस यांच्या निबंधावर टिप्पणी करायला बसले होते स्वतः क्वाइन. मार्कस यांचा विषयच क्वाइन यांना अमान्य होता. त्यांच्या चर्चेत एकवीस वर्षांच्या क्रिप्कीनेही भाग घेतला आणि ती चर्चा छापून ठेवली गेली, म्हणूनच तीस वर्षांनी तिच्यावर वाद घालता आला.

अधिवेशनाची दुसरी बाजू नोकरीची. ती फार काळ अधिवेशनावर दाटून होती. ईस्टर्न विभाग नाताळ आणि नववर्ष यांच्यामधल्या दिवसांत भरत असे आणि देशभरातल्या तत्त्वज्ञान विभागांच्या प्राध्यापक-भरतीच्या पहिल्या मुलाखती तिथेच होत. मुलाखत कधी मोठ्या दालनात मांडलेल्या टेबलांशी, कधी हॉटेलच्या खोलीत. निवड समिती पलंगाच्या कडेवर बसलेली आणि उमेदवार एकुलत्या खुर्चीवर. संध्याकाळच्या मेळाव्याला ‘स्मोकर’ म्हणत. तिथे विभागांची टेबले क्रमांकाने लावलेली असत आणि सकाळी मुलाखत दिलेला उमेदवार रात्री त्याच लोकांशी हसून बोलायला पुन्हा जाई. सणासुदीत घर सोडून, स्वतःच्या खिशातून विमानाचे आणि हॉटेलचे पैसे घालून आलेल्या तरुणांसाठी हा छळ होता, दुसरा शब्द नाही. झोपायच्या खोल्यांत मुलाखती घेऊ नयेत असे संस्थेने सांगितले. पुढे मुलाखती व्हिडिओवर गेल्या. २०१६ पासून अधिवेशनही जानेवारीत सरकले. गर्दी ओसरली असे जुने लोक हळहळत सांगतात. मला तरी वाटते की ज्याला नोकरीची धास्ती नाही, तोच निबंध मोकळेपणाने ऐकू शकतो.

मुख्य कार्यक्रमाच्या कडेला छोट्या संघटनांची सत्रे असतात. सोसायटी फॉर एशियन अँड कंपॅरेटिव्ह फिलॉसॉफी ही त्यांपैकी एक. नागार्जुन, न्याय, वेदान्त यांच्यावर बोलणाऱ्यांना फार वर्षे हाच ओटा मिळत आला. आता ते विषय मुख्य कार्यक्रमातही दिसतात, पण सावकाश. ज्या कोलंबियात पहिले अधिवेशन भरले, तिथेच पुढे ड्यूईंच्या वर्गात भीमराव आंबेडकर बसले. ९ मे १९१६ रोजी आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला, तोही कोलंबियातच, मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये. आपले म्हणणे जाणकारांच्या छोट्या खोलीत मांडायचे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे, ही रीत जातिसंस्थेच्या एका मूलगामी चिकित्सेच्या जन्माशी अशी जोडलेली आहे. ड्यूई आणि आंबेडकर हा विषय आज अमेरिकन अभ्यासकांच्या चर्चेत आला आहे, याचा मराठी वाचकाला आनंद व्हावा.

आपल्याकडच्या चर्चासत्रांची आठवण इथे टाळता येत नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, स्वागतगीत, बीजभाषण, मग एका सत्रात सात-आठ निबंध आणि शेवटी सूत्रसंचालकांचे ते ठरलेले वाक्य: वेळेअभावी प्रश्नोत्तरे होणार नाहीत. एका महाविद्यालयात मी पाहिले, एका मुलीने दिवसभर वहीत प्रश्न लिहून ठेवले होते आणि संध्याकाळी ती वही तशीच मिटून निघाली. ज्या देशात पूर्वपक्ष मांडल्याशिवाय ग्रंथ पुढे सरकत नसे, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून नेटके मांडून मगच उत्तर देत, तिथे हे घडावे याचा मला खरोखर संताप येतो. दोन निबंध कमी ठेवा, प्रत्येकाला एक टिप्पणीकार द्या. खर्च काहीच नाही.

आणि हे आपल्याकडे घडलेले आहे. १९८३ साली पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांनी एक बैठक घडवून आणली. एका बाजूला न्यायादी शास्त्रांत मुरलेले पंडित, दुसऱ्या बाजूला इंग्रजीतून शिकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. बर्ट्रंड रसेलचे विधानाविषयीचे विचार संस्कृतात आणून पंडितांपुढे ठेवले गेले, आणि त्यांनी आपल्या शास्त्राच्या शिस्तीने त्यांची तपासणी केली. इथे टिप्पणीकाराच्या जागी संपूर्ण परंपरा होती. रेग्यांसारखा माणूस, जो रसेलही पचवून बसला होता आणि मराठीत सहज लिहीत होता, त्याच्याशिवाय हे जमले नसते. अमेरिकेतल्या अधिवेशनाचा एक मोठा तोटा असा की अध्यक्षीय भाषणे संस्थेच्या कार्यवृत्तात छापली जातात, पण खोल्याखोल्यांतल्या टिप्पण्या बहुधा कुठेच छापल्या जात नाहीत. टिपणाचे कागद ज्याच्या त्याच्या बॅगेत परत जातात. पुण्याची चर्चा मात्र १९९१ साली ‘संवाद’ या ग्रंथात प्रसिद्ध झाली, आक्षेपांसह.

या उपक्रमाशी जोडलेल्यांत काशीचे नैयायिक पंडित बद्रीनाथ शुक्ल होते. आत्मा देहाहून वेगळा आहे, हा न्यायदर्शनाचा पाया. शुक्लजींनी पुढे संस्कृतात एक निबंध लिहिला: देहालाच आत्मा मानले तर न्यायाची बाकीची इमारत उभी राहू शकते का? आयुष्यभर ज्या मताची पाठराखण केली, त्याच्या विरुद्ध पक्षाची बाजू त्यांनी स्वतः, पूर्ण ताकदीनिशी, मांडून पाहिली. १९८८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद इंडियन कौन्सिल ऑफ फिलॉसॉफिकल रिसर्चच्या नियतकालिकात आला, आणि त्यावर आक्षेप घेणारे लेख लिहायला इतर अभ्यासक बसले.